मदतखोलीची किल्ली

किल्लीमामांच्या दुकानात बसायला जागा नव्हती. दोन घरांमधल्या बोळावर पत्रा टाकला की जेवढं होतं तेवढंच ते दुकान. समोर फळी, फळीवर पकड आणि कानशी, मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहायचं आणि मामा आत उभ्याउभ्याच काम करायचे. दुरुस्त केलेलं कुलूप हातात देताना ते प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत. उघडायची गरज पडो न पडो, आठवड्यातून एकदा किल्ली फिरवत जा. पडून राहिलेलं कुलूप आतल्या आत धरतं आणि ऐन वेळी दगा देतं. गिऱ्हाइकं मान डोलवत आणि घरी जाऊन विसरत. विसरतात म्हणून तर आपली चूल पेटते, असं मामी म्हणायच्या.

मामी म्हणजे त्यांची बायको. लग्न झालं तेव्हापासून ती गाद्यांच्या कारखान्यात कापूस भरायच्या कामाला होती. अंगाने किरकोळ, तोंडाने फटकळ. गावातल्या सगळ्या कुलपांचा इलाज यांच्याकडे आहे, पण हे एकदा गप्प बसले की यांना उघडायची किल्ली फक्त माझ्याकडे, असं ती चारचौघांत सांगायची आणि मामा खाली बघून हसायचे. कापसाचा बारीक धुरळा तिच्या केसांत, भुवयांत बसलेला असे. तो छातीतही बसत होता, हे पुढे कळलं.

मामांकडे आणखी एक किल्ली होती, आणि ती दुकानातल्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा त्यांना मोठी वाटे. चर्चच्या मागे मदतखोली होती. मंडळीतल्या लोकांनी दिलेल्या वस्तू तिथे ठेवलेल्या असत: दवाखान्यातल्यासारखी वरखाली होणारी खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या, ब्लँकेटं. घरात अडगळ झाली की माणसाला देव आठवतो, त्यामुळे त्या खोलीत कशाची कमी नव्हती. ज्याला गरज असेल त्याने न्यावं, गरज सरली की परत आणावं, असा साधा मामला. त्या खोलीचं कारभारीपण मंडळीने मामांना दिलं ते काही त्यांना कुलपातलं कळतं म्हणून नाही. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

त्या नाकासमोर चालण्यामागे एक शिडी होती. मामांचे वडील याच चर्चचे राखणदार. एका पावसाळ्यात त्यांचं घर गळायला लागलं आणि गळतीखाली मामांची तान्ही बहीण तापाने फणफणली होती. चर्चच्या मागे दुरुस्तीतून उरलेले पत्रे पडले होते. वडिलांनी त्यातले थोडे उचलून घरावर टाकले, कोणाला विचारलं नाही. व्हायचा तो बोभाटा झाला. पंचांनी सांगितलं, पत्रे परत आणा. रविवारी उपासना सुटायच्या वेळेला वडील शिडीवर चढून आपलंच छप्पर उतरवत होते आणि अख्खी मंडळी खालून बघत घरी जात होती. शिडी धरायला मामा उभे होते. पुढे शाळेत कितीतरी दिवस त्यांना पत्रेचोराचा म्हणूनच हाक मारत. ते पत्रे मात्र चर्चच्या मागेच गंजले, त्यांची चाळण झाली, कोणाच्या डोक्यावर गेले नाहीत. हा शेवटचा भाग मामांनी कधी मनावर घेतला नाही. त्यांच्या मनात शिडी तेवढी राहिली.

म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, देवाच्या वस्तूला आपल्या घराचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. मामींचा पाय मुरगळला तेव्हा मदतखोलीत कुबड्या नुसत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मामींनी झाडू उलटा धरून दिवस काढले. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, आमचं देवाशी नातं इतकं जवळचं की त्याच्याकडे काही मागायची चोरी.

एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात एक गोष्ट सांगितली, धन्याने परदेशी जाताना चाकरांच्या हवाली केलेल्या पैशांची. दोघांनी ते कामाला लावले, तिसऱ्याने भीतीने जमिनीत पुरून ठेवले आणि धनी परत आल्यावर जसेच्या तसे पुढे केले. धन्याने त्यालाच हाकलून दिलं. ही गोष्ट मामांना लहानपणापासून सलत आली होती. उपासनेनंतर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं आणि विचारलं, की त्या तिसऱ्याने चोरलं नाही, उडवलं नाही, मग त्याच्यावर एवढा राग कशाला? पाळकसाहेबांनी बराच वेळ समजावलं. मामांनी आदराने ऐकून घेतलं आणि मनातून त्या तिसऱ्याचीच बाजू धरली.

सुरुवातीला खोलीतल्या वस्तू फिरत होत्या. मग चाकाची खुर्ची चाक मोडून परत आली. एक ब्लँकेट आलं ते सिगारेटने भोक पाडलेलं. मामांना ते आपल्याच कातडीला भोक पडल्यासारखं लागलं. त्यांनी नियम केले. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, दोन पंचांचा शब्द हवा, आणि वस्तू नेणाऱ्याने मामांसमोर उभं राहून ती जपेन असं सांगायला हवं. खुर्चीची चाकं त्यांनी स्वतः बसवली आणि ती पुन्हा कोणाला देणं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. हळूहळू विचारायला येणारे कमी झाले. मामांनी समाधानाने सांगितलं, मंडळीत आता गरजू फारसे उरले नाहीत.

"गरजू आहेत तेवढेच आहेत," मामी म्हणाल्या. "तुमच्यासमोर उभं राहायचा धीर उरला नाही."

ऑक्सिजनचं यंत्र आलं ते याच काळात. एका चांगल्या घरातला म्हातारा गेला, त्याच्यासाठी आणलेलं यंत्र जेमतेम वापरलेलं होतं, घरच्यांनी ते मंडळीला दिलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं ते पेटीएवढं यंत्र बघून मामा हरखले. इतकी मोलाची वस्तू आजवर त्यांच्या हवाली कोणी केली नव्हती. त्यांनी ते जुन्या चादरीत गुंडाळलं, ओल लागू नये म्हणून विटांवर ठेवलं, भोवती डांबरगोळ्या टाकल्या. दर शनिवारी ते खोली झाडायचे तेव्हा चादर सोडून यंत्र पुसायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. तळहातावरच्या फोडासारखं जपलं म्हणतात ते तसं.

ते यंत्र मागायला एकच माणूस आला, पाववाला. त्याची आई दम्याने घायकुतीला आली होती. त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती, कारण नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी गेले होते. मामांचा स्वर कडक नव्हता. ते म्हणाले, बाबा रे, माझं असतं तर आत्ता उचलून दिलं असतं, पण हे माझं नाही. चिठ्ठी आण आणि घेऊन जा. पाववाल्याने पुढे चिठ्ठी आणली, पण फळीवर ठेवून म्हणाला, की आता लागणार नाही. मामांना वाईट वाटलं. त्यांनी त्याच्या आईसाठी मनापासून प्रार्थनाही केली. आपलं चुकलं असं मात्र त्यांना वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

मग काही वर्षांनी मामींची छाती बोलायला लागली. आधी जिना चढताना धाप, मग केस विंचरताना, मग बोलताना. फटकळ बाई दोन शब्दांत गोष्ट उरकायला लागली तेव्हा मुलगी घाबरली. मुलगी लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि सांगितलं, कापसाने फुप्फुसं भरलीत, हे मागे फिरणार नाही. पण घरी ऑक्सिजन लावलात तर बाईचे दिवस सुखाचे जातील, आणि फारच कमी पडला तर तडक इस्पितळात आणा.

घरी येताना मुलगी बोलली नाही, कारण तिला वाटलं की बोलायची गरजच नाही. यंत्र चर्चच्या मागे होतं आणि किल्ली बापाच्या कमरेला. पण मामा दुसऱ्या दिवशी यंत्र भाड्याने मिळतं का ते विचारत बाजारात फिरले. भाडं दुकानाला झेपणारं नव्हतं. मामा म्हणाले, बघू, काहीतरी सोय होईल. मग रोज तेच म्हणू लागले. मामी खिडकीपाशी उशांना टेकून बसायच्या, खांदे वर करून करून श्वास ओढायच्या, आणि मामा त्यांच्यासमोर कानस घेऊन कुठलीतरी किल्ली घासत बसायचे. घासण्याच्या आवाजात तो श्वास जरा कमी ऐकू यायचा.

एकदा मामींनी विचारलं, "त्या यंत्राचा आवाज कसा येतो हो?"

"माहीत नाही," मामा म्हणाले. "मी कधी लावलं नाही."

त्या बाईने जन्मभरात नवऱ्याकडे एवढंच मागितलं, आणि त्याला ते मागणं म्हणून ऐकूसुद्धा आलं नाही.

मुलीचा धीर सुटला तो शनिवारी. मामा खोली झाडायला गेले होते, ती मागोमाग तिथे गेली. चादर सुटलेली होती आणि बाप यंत्राची मूठ फडक्याने पुसत होता. तिच्या डोळ्यांत अंगार पेटला. पण ती ओरडली नाही. इस्त्रीवाल्या माणसाला चटका बसला तरी हात शांत ठेवायची सवय असते. तिने विचारलं, हे कोणासाठी ठेवलंय? मामा म्हणाले, उद्या आपल्याहून जास्त गरजेचा कोणी आला तर? ती म्हणाली, आजवर कोण आला? त्यांनी सांगितलं, प्रश्न येण्याचा नाही, ही वस्तू आपल्या ताब्यात दिलेली आहे, ती आपण घरी नेली तर लोक काय म्हणतील ते तुला नाही कळायचं, तू शिडी धरलेली नाहीस.

"बाबा, ही खोली कोणाची?"

"देवाची."

"आणि आई?"

मामांचा हात यंत्रावरच राहिला. मुलगी दारात उभी होती, तिच्या मागून ऊन येत होतं, म्हणून तिचा चेहरा त्यांना दिसेना. लग्नाच्या दिवशी याच चर्चमध्ये, याच भिंतीच्या पलीकडे, त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून एका माणसाला जपेन असा शब्द दिला होता. तेव्हा कोणी चिठ्ठी मागितली नव्हती.

तरीही ते आधी पाळकसाहेबांकडे परवानगी मागायला गेले. जित्याची खोड. पाळकसाहेब दाढी करत होते, अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आले आणि ऐकून चकित झाले. म्हणाले, अहो मामा, मला वाटलं तुम्ही ते केव्हाच घरी नेलंय. सगळ्यांना तसंच वाटतंय. मामा तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. ज्या बोलण्याच्या भीतीने त्यांनी बायकोचा श्वास अडवून धरला होता, ते कोणी बोललंच नव्हतं. लोकांनी ते केव्हाच गृहीत धरून सोडून दिलं होतं.

दुपारी हातगाडीवर यंत्र घरी आलं. वायर लावली, बटण दाबलं, आणि यंत्र घरघरायला लागलं. पुढच्या बाजूला एक पिवळा दिवा लागला. तो दिवा बघून मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मुलीने नळी आईच्या नाकाला लावली. मामी जरा वेळ डोळे मिटून पडल्या, मग म्हणाल्या, "असा येतो होय आवाज. जात्यासारखा." थोड्या वेळाने मामांनी विचारलं, बरं वाटतंय का? मामींनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. या माणसाने आपल्यासाठी आज काय ओलांडलं ते मामींइतकं कोणाला कळणार होतं?

"खूप बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने सगळे निर्धास्त झाले. ओठांचा रंग मुलीला बरा वाटेना, रविवारी ती म्हणाली, इस्पितळात नेऊ या. मामा म्हणाले, अगं, आता ऑक्सिजन घरात आहे, तिकडे वेगळं काय करणार? आणि मामींनीही मान हलवली, नको म्हणून. यंत्र चालू होतं, दिवा लागलेला होता, मामा खाटेशी बसून होते आणि त्यांच्या हातात या वेळी कानस नव्हती, बायकोचा हात होता. सोमवारी सकाळी मुलगी चहा गाळत असताना मामी गेल्या. यंत्र मागाहून कितीतरी वेळ घरघरत राहिलं, कारण बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

माणूस मातीआड झाला तरी त्याच्या सवयी जात नाहीत, मागे राहिलेल्याच्या तर अजिबात नाहीत. यंत्र परत करायचं तर ते नीट करून करावं, म्हणून मामांनी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने यंत्र लावलं, नळीच्या तोंडाशी मीटर धरलं, मीटरवर टिचकी मारली आणि पुन्हा धरलं.

"किती वर्षं पडून होतं हे?"

"पडून नव्हतं. जपून ठेवलं होतं."

मेकॅनिकने पाठीमागचे स्क्रू काढत सांगितलं, की आत बारीक दाणे असतात, हवा त्यांच्यातून गेली की ऑक्सिजन वेगळा निघतो. यंत्र अधूनमधून चालवत राहिलं तर दाणे चांगले राहतात, वर्षानुवर्षं बंद ठेवलं की ओल खाऊन मरतात. आता हे नुसती हवा फेकतंय, पंखा लावला तरी तेवढंच. मामा म्हणाले, पण दिवा लागत होता. कुठला, त्याने विचारलं. पिवळा, मामा म्हणाले. पिवळा म्हणजे ऑक्सिजन येत नाही, मेकॅनिक म्हणाला, येत असला तर हिरवा लागतो.

"पण तुम्ही बंद ठेवलंच कसं, मामा?" त्याने सरळ मनाने विचारलं. "मला तर तुम्हीच सांगितलं होतं ना, शटरची किल्ली फिरवत जा म्हणून."

मग त्याचं लक्ष खाटेकडे गेलं. गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्याने स्क्रू बसवले आणि मजुरी न घेता तो निघून गेला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मामींची आठवण काढली आणि मग मामांकडे वळले. विश्वासू कारभारी कसा असावा ते आपण डोळ्यांनी बघितलं, ते म्हणाले. हातात किल्ली असून या माणसाने स्वतःच्या मरणाऱ्या बायकोसाठीसुद्धा आधी परवानगी मागितली. मागच्या बाकांवर कोणीतरी नाक ओढलं. मामा पहिल्या बाकावर बसून फरशीकडे बघत होते. वडिलांना शिडीवर कसं वाटलं असेल ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि वडिलांच्या हातून निदान काही दिवस तरी एका लेकरावरचं पाणी थांबलं होतं.

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर पाववाला उभा होता. त्याने कागदात गुंडाळलेला पाव आणला होता. मामांनी पाव घेतला नाही. त्यांनी त्याला बाजूला नेलं आणि सांगून टाकलं.

"तू आलास तेव्हा ते यंत्र चालत होतं. नवंच होतं. तुझ्या आईला दिलं असतं तर तिचा जीव वाचला असता, आणि चालतं राहून ते माझ्या घरीही कामाला आलं असतं."

पाववाल्याचा चेहरा उतरला. तिची वेळच आली होती, अशी त्याने इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती, ती मामांनी एका वाक्यात काढून घेतली. सगळा खरेपणा दुसऱ्याच्या भल्याचा नसतो.

"हे मला सांगायला नको होतं, मामा," तो शेवटी म्हणाला. त्याने पाव मामांच्या हातात कोंबला. "घ्या. आजचा आहे. ठेवून देऊ नका, उद्या खाववणार नाही." आणि तो गेला.

मामा तसेच मागे गेले आणि त्यांनी मदतखोली उघडली. खाट बाहेर ओढली, खुर्ची काढली, कुबड्या, ब्लँकेटं, सगळं चर्चसमोर उन्हात मांडलं. काही ब्लँकेटं कसरीने खाल्लेली निघाली, तीही मांडली. यंत्र घरून आणलं, त्यावर बिघडलेलं आहे अशी चिठ्ठी चिकटवली आणि शेवटाला ठेवलं. मग ते पायरीवर बसले, ज्याला हवं ते न्यावं म्हणून. लोक येत जात होते. बघत होते, मामांना नमस्कार करत होते आणि पुढे जात होते. सगळ्यांना वाटलं, किल्लीमामा सामान ऊन दाखवायला काढून राखण बसलेत. एक म्हातारी ब्लँकेटापाशी थांबली, तिने ते दोन बोटांनी चाचपलं, मामांकडे नजर गेली तशी हात मागे घेतला. मामा म्हणाले, ने की. ती कसनुसं हसली आणि चिठ्ठी नाही म्हणून निघून गेली.

दुपार कलली तेव्हा मुलगी त्यांना शोधत आली. तिने सगळं बघितलं, बापाच्या मांडीवरचा न उघडलेला पाव बघितला.

"बाबा, उठा इथून," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तर कोणी हात लावणार नाही."

मामा उठले. किल्ली त्यांनी दाराच्या कुलपात तशीच लटकत ठेवली आणि घरी जाऊन मुलीसमोर बसून पाव खाल्ला. शेवटच्या घासापर्यंत सगळा खाल्ला. दिवेलागणीला ते परत आले तर चर्चसमोरची जागा रिकामी होती. खाट गेली होती, खुर्ची गेली होती, कसर लागलेली ब्लँकेटंसुद्धा कोणीतरी नेली होती.

यंत्र तेवढं राहिलं होतं. ते मामांनी हातगाडीवर घातलं आणि घरी नेलं.